अतिखारट पाणी आणि सस्तन प्राणी: मिठाइतकाच गोड्या पाण्याचा हिशेब

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. अतिशय खारट पाणी माणसाला आणि इतर सस्तन प्राण्यांना खरोखर अपाय करते का. करत असेल, तर देवमासे आणि सील सस्तन असूनही समुद्रात आयुष्य कसे काढतात. आणि आपला दहा किलोचा कुत्रा समुद्रात पोहताना पाणी गिळतो, त्याची काळजी करावी का. पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु त्या ‘होय’ला इतक्या अटी चिकटलेल्या आहेत की त्या सांगितल्याशिवाय उत्तर अर्धवट राहील आणि कदाचित दिशाभूलही करील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पशुवैद्य आहे. माझी पहिली बरीच वर्षे डुकरे, गाईगुरे आणि मेंढ्या यांच्या कळपांत गेली. कुत्री-मांजरे नंतर आली. माणसांवर उपचार करणे हे माझे काम नव्हे, तेव्हा माणसांविषयी शरीरक्रियाशास्त्रात जे सर्वमान्य आहे तेवढ्यापुरतेच बोलेन.

‘खारट पाणी घातक आहे का’ असे विचारले की मीठ हे एखादे विष आहे आणि ते ठरावीक मात्रेपलीकडे मारते, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः आपले रक्तही खारटच असते. शिरेतून देतात त्या साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते आणि ते रक्ताच्या क्षारतेशी जवळपास जुळते, म्हणूनच ते शिरेतून देता येते. खुल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सलाईनच्या जवळजवळ चौपट. मृत समुद्रात हाच आकडा ३०० ग्रॅमच्या पुढे जातो. शरीराला मीठ लागते, जास्तीचे मीठ ते लघवीवाटे बाहेर टाकते, आणि बाहेर टाकण्यासाठी त्याला पाणी खर्च करावे लागते. म्हणून खरा प्रश्न असा आहे की, प्यालेल्या पाण्याबरोबर आलेले मीठ बाहेर काढायला त्या विशिष्ट प्राण्याला जेवढे पाणी लागते, तेवढे त्याच्याकडे आहे का. याचे उत्तर प्राण्यागणिक बदलते. वयागणिक, हवामानागणिक, क्षाराच्या प्रकारागणिक बदलते. आणि सर्वांत जास्त बदलते ते शेजारी गोडे पाणी ठेवले आहे की नाही यावरून.

आधी माणसाचा हिशेब पाहू, कारण तो सर्वांत नीट मोजला गेला आहे. द्रवात विरघळलेल्या कणांची एकूण दाटी मिलिऑस्मोलमध्ये मोजतात. माणसाच्या रक्तात ती किलोमागे २७५ ते २९५ असते, समुद्राच्या पाण्यात साधारण १०००, आणि निरोगी प्रौढ माणसाचे मूत्रपिंड अगदी ताण देऊन लघवी घट्ट करू लागले तर १२०० च्या आसपास पोहोचते. हे आकडे वाचून चौकस माणूस लगेच विचारतो की १२०० हे १००० पेक्षा जास्त आहे, मग समुद्राचे पाणी पिऊन दोनशेचा नफा का होऊ नये? मीही विद्यार्थी असताना हाच प्रश्न विचारला होता, आणि मिळालेले उत्तर अजून आठवते: लघवी ही फक्त मिठासाठी राखून ठेवलेली गाडी नाही. प्रथिनांच्या विघटनातून तयार होणारा युरिया, पोटॅशियम आणि इतर टाकाऊ पदार्थ त्याच गाडीतून जायचे असतात, त्यामुळे मिठाच्या वाट्याला १२०० पैकी काहीच भाग येतो, आणि तो समुद्राच्या पाण्यातील मिठाच्या दाटीपेक्षा कमी भरतो. अभ्यासक्रमात शिकवला जाणारा ढोबळ हिशेब असा की, माणसाने एक लिटर समुद्राचे पाणी प्याले तर त्यातील मीठ बाहेर टाकण्यासाठी सुमारे १३५० मिलिलिटर लघवी करावी लागते. एक लिटर आत आले, एक लिटर आणि वर साडेतीनशे मिलिलिटर बाहेर गेले. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. घोटागणिक माणूस अधिक कोरडा पडत जातो. शिवाय समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि सल्फेटही असते, ते आतड्यात पाणी धरून ठेवते आणि जुलाब होतात, म्हणजे तोटा दुसऱ्या वाटेनेही सुरू होतो.

जे मीठ वेळेत बाहेर पडत नाही ते रक्तात आणि पेशींच्या बाहेरील द्रवात साचते. गोगलगायीवर मीठ टाकले की तिच्या अंगातील पाणी बाहेर ओढले जाते. तसेच रक्तातील वाढलेले सोडियम पेशींमधील पाणी बाहेर ओढते. इतर अवयव हे काही काळ सोसतात, मेंदूला मात्र ते फार महागात पडते, कारण तो कवटीच्या आत बसवलेला असतो आणि आकसू लागला की कवटीच्या आवरणाशी त्याला जोडणाऱ्या बारीक शिरांवर ताण येऊन त्या फाटू शकतात. रक्तातील सोडियमची नेहमीची पातळी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. ती १६० च्या वर गेली की प्रकरण गंभीर समजतात. सुरुवातीला अनावर तहान, चिडचिड आणि सुस्ती दिसते, नंतर असंबद्ध बोलणे, स्नायूंचे फुरफुरणे, आकडी, आणि शेवटी बेशुद्धी. समुद्रात अडकलेली माणसे खारे पाणी पिऊन भ्रमिष्टासारखी वागू लागल्याची वर्णने आपण वाचली असतील. त्यामागे हेच कारण असते.

दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ब्रिटिश जहाजांवरील माणसांच्या जीवनौकांतील प्रवासांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या. अशा १६३ प्रवासांत, जेथे समुद्राचे पाणी प्याले गेले तेथे मृत्यूचे प्रमाण ३९ टक्के होते आणि जेथे प्याले गेले नाही तेथे ३ टक्के. हा आकडा नेहमी पुढे केला जातो, पण मी तो जरा जपून वापरतो, कारण समुद्राचे पाणी प्यायची पाळी मुळात ज्यांचे गोडे पाणी संपले त्यांच्यावरच येते, आणि त्यांची स्थिती आधीच वाईट असते. संपूर्ण फरक खाऱ्या पाण्याच्या माथी मारणे बरोबर नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. याउलट १९५२ मध्ये अलाँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरने रबरी होडीतून अटलांटिक ओलांडला आणि थोडे थोडे समुद्राचे पाणी व माशांच्या अंगातील रस पिऊन आपण तगलो असे सांगितले. त्याच्या दाव्याविषयी वाद झाला. शिवाय माशाचा रस हा समुद्राच्या पाण्यापेक्षा पुष्कळच कमी खारट असतो, हे तो किस्सा सांगणारे बहुधा विसरतात. समुद्रावर अडकलेल्यांना आजही हाच सल्ला दिला जातो की समुद्राचे पाणी पिऊ नये, आणि मला त्यात बदल करण्याजोगे काही दिसत नाही.

आता इतर सस्तन प्राण्यांकडे वळू. मूत्रपिंड लघवी किती घट्ट करू शकते यावर बरेच अवलंबून असते, आणि ती क्षमता मुख्यतः मूत्रपिंडाच्या आतील भागातील लांबलचक वळशाच्या नलिकांवर ठरते. बीव्हर हा कायम गोड्या पाण्यात राहणारा प्राणी जेमतेम ५०० ते ६०० मिलिऑस्मोलपर्यंत जातो. त्याला कधी गरजच पडली नाही. डुक्कर आणि गाय माणसाच्या आसपास, हजार-अकराशेच्या घरात असतात. कुत्रा साधारण २५०० पर्यंत आणि मांजर ३००० च्या पुढे जाते. उंट आणि मेंढीही ३००० च्या आसपास येतात. वाळवंटातील कांगारू उंदीर ५५०० पर्यंत जातो, आणि ऑस्ट्रेलियातील काही उड्या मारणाऱ्या उंदरांची लघवी त्याहूनही कितीतरी घट्ट असते. कांगारू उंदराला प्रयोगात प्रथिनयुक्त दाणे खायला आणि समुद्राचे पाणी प्यायला देऊन पाहिले, तेव्हा तो त्यावर जगला. मांजरांनीही प्रयोगांत समुद्राच्या पाण्यावर शरीरातील पाण्याचा तोल सांभाळल्याचे दिसले आहे. मात्र तेवढ्यावरून कोणी आपल्या मांजरापुढे खारे पाणी ठेवू नये. प्रयोगातील तरुण निरोगी मांजर आणि घरातील मूत्रपिंड थकलेले बारा वर्षांचे मांजर यांच्यात फार अंतर असते.

देवमासे आणि सील यांची युक्ती वेगळी आहे. समुद्री पक्ष्यांच्या डोळ्यांजवळ मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात, तशा सस्तनांना नसतात. त्यांना जे करायचे ते मूत्रपिंडानेच करावे लागते. देवमाशाची लघवी मिठाच्या बाबतीत समुद्राच्या पाण्यापेक्षा घट्ट होऊ शकते, आणि माणसासाठी जो हिशेब वर दिला त्याच धर्तीचा देवमाशाचा हिशेब असा मांडतात की, एक लिटर समुद्राचे पाणी गेले तर सुमारे ६५० मिलिलिटर लघवीत त्यातील मीठ निघून जाते आणि ३५० मिलिलिटर पाणी पदरात पडते. पण बहुतेक समुद्री सस्तन हे पाणी पिण्याच्या फंदात फारसे पडतच नाहीत. ते मासे खातात. माशाच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि त्याच्या शरीरातील द्रव समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच खारट असतो, म्हणजे मीठ गाळण्याचे बरेचसे काम माशाने आधीच करून ठेवलेले असते. त्यातच चरबी जळताना पाणी तयार होते. एक ग्रॅम चरबीमागे एक ग्रॅमहून थोडे अधिकच. याला अपवाद आहेत. सागरी ऊदमांजर समुद्राचे पाणी पिते, तर मॅनेटी हा शाकाहारी प्राणी संधी मिळताच नदीच्या मुखाशी जाऊन गोडे पाणी पितो. तेव्हा ‘समुद्रात राहतो’ आणि ‘समुद्राचे पाणी पिऊन जगतो’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नातील घोळ तेथेच झाला आहे.

माझ्या स्वतःच्या समजुतीला सर्वांत मोठा धक्का दिला तो समुद्राने नव्हे, एका वराहपालन केंद्राने. मला बोलावले गेले ते ‘खाद्यात कोणीतरी विष कालवले’ म्हणून. चाळीसेक किलो वजनाची डुकरे होती. त्यांतले एक मागच्या पायांवर कुत्र्यासारखे बसले होते, त्याचे नाकाड थरथरू लागले, मग मान वर आणि मागे झटके देत गेली, ते दोन-तीन पावले उलटे चालले आणि आडवे पडून पाय झाडू लागले. मिनिटभराने उठले, जणू काही घडलेच नव्हते. मी घड्याळ लावून बसलो; सुमारे सहा मिनिटांनी पुन्हा नाकाड थरथरायला लागले. खाद्य तपासले तर मिठाचे प्रमाण नेहमीचेच, त्यात काडीचाही फरक नव्हता. मग पाण्याची चौकशी केली, तेव्हा कळले की पाण्याच्या नळीत गाळ अडकल्यामुळे त्या एका कप्प्यातील निपलमधून, म्हणजे डुकरे तोंडाने दाबून पाणी पितात त्या तोटीतून, जवळपास दोन दिवस पाणी येत नव्हते, आणि त्या दिवशी सकाळीच दुरुस्ती होऊन पाणी सुरू झाले होते. डुकरे पोट फुटेस्तोवर प्यायली होती, आणि आकड्या त्यानंतर सुरू झाल्या होत्या. मेलेल्या एका डुकराच्या मेंदूचे काप प्रयोगशाळेत पाठवले. रक्तवाहिन्यांभोवती इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा गराडा आढळला, जो डुकरांतील मीठबाधेची खूणच मानला जातो.

रोजचेच खाद्य, रोजचेच मीठ, पण पाणी थांबले आणि तेच मीठ घातक ठरले. म्हणूनच पशुवैद्यक या आजाराला नुसती ‘मीठबाधा’ न म्हणता पाणी न मिळाल्याने झालेली सोडियमबाधा असेही म्हणते. या घटनेत दुसराही धडा आहे. सोडियम हळूहळू, एक-दोन दिवसांत वाढले की मेंदूच्या पेशी आकसू नये म्हणून स्वतःच्या आत काही विद्राव्य पदार्थ साठवून तोल सावरतात. अशा सावरलेल्या मेंदूला एकदम भरपूर गोडे पाणी मिळाले की रक्त पातळ होते, पेशींच्या आतली दाटी मात्र तशीच राहते, पाणी आत घुसते आणि मेंदू सुजतो. तहानलेल्या जनावरासमोर टाकी उघडी करणे ही माणुसकीची पहिली प्रतिक्रिया असते, आणि येथे तीच जीव घेते. तेव्हापासून मी अशा कळपांना दर तासाला शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काच पाणी द्यायला सांगतो. चाळीस किलोच्या डुकराला तासाला २०० मिलिलिटर. मालकाला ते क्रूर वाटते, पण मोजून द्यावे लागते. माणसांतही अनेक तास वा दिवस चढत गेलेले सोडियम डॉक्टर सावकाश उतरवतात, दिवसाला साधारण १० ते १२ मिलिमोलच्या वर नाही. उलट, मीठ काही तासांपूर्वीच पोटात गेले असेल तर मेंदूला सावरायला वेळच मिळालेला नसतो, आणि तेथे झपाट्याने उपचार करणेच हिताचे ठरते. सुमारे एक लिटर सोया सॉस प्यालेल्या १९ वर्षांच्या तरुणाचे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात २०१३ मध्ये आले होते. त्याचे सोडियम १९६ मिलिमोलपर्यंत गेले होते, अर्ध्या तासात सहा लिटर ग्लुकोजयुक्त पाणी शिरेतून देऊन त्याला वाचवण्यात आले आणि मेंदूला कायमची इजा झाली नाही. म्हणून मला कोणी फोन केला की ‘किती मीठ गेले’ याच्या बरोबरीने मी ‘केव्हा गेले’ हे विचारतो.

जनावरांना मचूळ पाणी पाजावे लागते तेथे पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार मोजतात. लिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या आत असेल तर कोणत्याही जनावराला अडचण नसते. ३००० पर्यंत नवख्या जनावराला काही दिवस पातळ शेण होते, इतकेच. ५००० ते ७००० हे प्रौढ गाईगुरे व मेंढ्या चालवून नेतात, पण गाभण आणि दुभत्या जनावरांना ते पाजू नये. १०,००० च्या वर गेले की ते पाणी मी बंद करायला सांगतो. समुद्राचे पाणी या मोजपट्टीवर ३५,००० ला बसते, यावरून अंतराचा अंदाज यावा. या आकड्यांत एक फसवी जागा आहे: उघड्या तळ्याचे पाणी उन्हाळ्यात आटते तसे क्षार मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे पावसाळ्यानंतर तपासून योग्य ठरलेले पाणी काही महिन्यांनी अयोग्य झालेले असू शकते, आणि नेमके त्याच काळात जनावर जास्त पिते. शिवाय एकूण आकडा सारखाच असला तरी क्षार कोणते हेही पाहावे लागते. सल्फेट जास्त असेल तर गाईगुरांच्या मेंदूचा एक निराळाच विकार होतो, त्यात जनावर आंधळ्यासारखे भिंतीला डोके लावून उभे राहते. त्याचा सोडियमशी संबंध नसतो.

क्षारांच्या प्रकाराचे टोकाचे उदाहरण म्हणजे मृत समुद्र. त्याच्या पाण्यात साध्या मिठापेक्षा मॅग्नेशियम क्लोराइडच जास्त असते आणि कॅल्शियमही भरपूर असते. पाणी इतके जड की माणूस बुडत नाही असे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण पालथा पडला तर पुन्हा उताणे होणे कठीण जाते, आणि तेवढ्यात काही घोट पोटात व फुप्फुसात जातात. अशा रुग्णांच्या रक्तात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम धोकादायक पातळीवर चढून हृदयाचे ठोके बिघडतात. तेथे गिळलेले पाणी थोडेच असले तरी रुग्णालयात नेतात, ते यासाठी.

पाणी नुसते अंगाला लागल्याने होणारा अपाय किरकोळ असतो. धडधाकट त्वचेतून मीठ आत जात नाही. डोळे चुरचुरतात, जखम झोंबते, आणि वाळल्यावर त्वचा कोरडी पडते. मृत समुद्रातील स्नान सोरायसिसच्या काही रुग्णांना उपयोगीही पडते. फुप्फुसाच्या काही आजारांत ३ ते ७ टक्के मिठाचे पाणी वाफाऱ्याच्या यंत्रातून मुद्दाम देतात. तेव्हा ‘खारट पाणी वाईट’ हे वाक्य मी कधीच मोकळे सोडत नाही. ते कोणत्या वाटेने आणि किती गेले हे त्याला जोडावेच लागते.

माणसांच्या बाबतीत आणखी दोन स्थिती वेगळ्या सांगायला हव्यात. पहिली लहान मुलांची. तान्ह्या बाळाचे मूत्रपिंड लघवी फार घट्ट करू शकत नाही, आणि तहान लागली हे त्याला सांगताही येत नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयात बाळांच्या दुधात चुकून साखरेऐवजी मीठ पडले आणि सहा बाळे दगावली. जुलाबात देतात त्या जीवनजलाच्या एका लिटरमध्ये मीठ केवळ २.६ ग्रॅम असते, तेही मोजून. ‘थोडे जास्त टाकले तर ताकद येईल’ हा विचार येथे चालत नाही. दुसरी स्थिती मचूळ पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. पाण्यात लिटरमागे १ ग्रॅम सोडियम असेल तर दोन लिटर पाण्यातच तो कोटा संपतो, जेवण अजून बाजूलाच असते. असे पाणी पिऊन कोणी आकडी येऊन पडत नाही, पण रक्तदाब चढत राहतो. बांगलादेशच्या दक्षिण किनाऱ्यावर खाऱ्या होत चाललेल्या पाण्याचा आणि गर्भवतींच्या वाढलेल्या रक्तदाबाचा संबंध अभ्यासकांना आढळला आहे. जाता जाता एवढे सांगतो की उकळल्याने पाण्यातील जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट वाफ उडून गेल्याने पाणी अधिक खारट होते.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, समुद्राइतके वा त्याहून खारट पाणी माणूस, डुक्कर आणि गाय यांना तहान भागवण्यासाठी कधीच चालत नाही. घट्ट लघवी करणारे प्राणी ते काही प्रमाणात पेलतात. आणि कोणत्याही प्राण्याला किती अपाय होईल हे क्षाराचा प्रकार, वेग आणि जवळचे गोडे पाणी यांवर ठरते.

आता आपल्या कुत्र्याकडे येतो. कुत्र्याचे मूत्रपिंड माणसापेक्षा बरेच समर्थ असल्याने घोट-दोन घोटांनी काही बिघडत नाही. साधारणपणे किलोमागे २ ग्रॅम मीठ गेले की लक्षणे दिसू लागतात आणि ४ ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. दहा किलोच्या कुत्र्यासाठी २० ग्रॅम म्हणजे समुद्राचे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी झाले. ‘एवढे कोण पिईल’ असे वाटेल, पण पाण्यात फेकलेला चेंडू तोंडात धरून पुन्हा पुन्हा परत आणणारा कुत्रा प्रत्येक फेरीत तोंडभर पाणी गिळतो, आणि तासाभराच्या खेळात हा आकडा गाठला जातो. माझ्याकडे आलेली बहुतेक कुत्री याच खेळातली होती; लाटांत नुसता बागडणारा कुत्रा क्वचितच आजारी पडला. म्हणून खेळ पंधरा-वीस मिनिटांत थांबवावा, गोडे पाणी सोबत न्यावे आणि मधूनमधून थोडे थोडे पाजावे. घरी आल्यावर एखादा पातळ जुलाब झाला तर घाबरू नये. तो बहुधा मॅग्नेशियमचा परिणाम असतो.

वारंवार उलट्या, झोकांड्या खाणे, थरथर, अतिसुस्ती किंवा आकडी यांपैकी काहीही दिसले तर मात्र घरी उपाय करीत बसू नये. विशेषतः उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे हा जुना उपाय कुत्र्यावर, मांजरावर वा मुलावर कधीही करू नये. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम मीठ, दहा-बारा किलोच्या मुलाच्या पोटात गेले आणि उलटी झालीच नाही, तर रक्तातील सोडियम ३० मिलिमोलहून अधिक चढू शकते. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. कुत्र्याला गाडीत घालण्यापूर्वी त्याचे वजन, तो किती वेळ पाण्यात होता आणि शेवटचे गोडे पाणी केव्हा व किती प्याला, हे कागदावर लिहून घ्या आणि दवाखान्यात पोचताच पहिल्यांदा तेच सांगा, कारण पाणी भराभर द्यायचे की मोजून द्यायचे हे तेथील डॉक्टरांना त्यावरूनच ठरवायचे असते.